जणू काय मका

३ मे

भिंगरी आली! आल्या आल्या चपला दोन दिशांना आणि मिठी माझ्या पोटाला. नात महिनाभर राहणार. तिची आई, म्हणजे माझी लेक, सभांच्या मागे फिरतेय ना. फिरू दे बाई, माझं फावलं!

येताना हिरव्या शाईचं पेन आणलंय आणि चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. "आजी, तू वाचताना अडखळतेस. मी तुझ्या सगळ्या घराला नावं लावते." मीठ, साखर, साबण, दार, खिडकी — दुपारपर्यंत सगळं झालं. माझ्या घराला नावं ठेवणारे पुष्कळ झाले, पण चिठ्ठीवर लिहून पहिल्यांदाच!

तिचं अक्षर मोत्यासारखं. माझी ही पेन्सिल, आणि मुंग्या चालल्यासारख्या ओळी. माझं मलाच धड लागत नाही, दुसऱ्याला काय लागणार.

४ मे

माझ्या चष्म्यावर 'चष्मा' चिकटवलं होतं. मी तशीच दूध आणायला गेले. दूधवाला हसतोय, मीही हसतेय. कशाला, ते घरी आल्यावर कळलं!

६ मे

दुकानाच्या काचेवर लेकीच्या लोकांचा कागद होता. मी मोठ्यानं वाचला — "जणू काय बदल केलेला मका!" भिंगरी हसून हसून खालीच बसली. "आजी, जनुकीय! ज-नु-की-य!" मला काय ठाऊक, माझी शाळा दुसरीत सुटली. आता आमच्या घरी त्याचं नाव 'जणू काय मका'.

लेकीचं म्हणणं असं, की पाकिटात तसला मका असेल तर पाकिटावर तसं छापा. सरकारात त्यावर मतं घेणार आहेत. आणि माझा मुलगा मक्याच्या पिठाच्याच कारखान्यात, पाकिटं बंद करायच्या मशीनवर. तो म्हणतो, "आई, पीठ तेच, चव तीच. पण छापलं की लोक पाकीट उलटून बघणार आणि परत फळीवर ठेवणार. मग आमची पाळी बंद." दोघंही माझेच. मला दोघांचंही खरं वाटतं. जो शेवटी बोलून जातो त्याचं जरा जास्त!

संध्याकाळी भिंगरीला विचारलं, अगं, त्या मक्याला करतात तरी काय? "मलाही नीट नाही माहीत. एकाच्या बीजातलं काढून दुसऱ्याच्या बीजात घालतात."

वाटाणे सोलत होते. हात थांबला.

७ मे

काल लिहिलं नाही ते आज लिहिते.

लेकीला मूल होत नव्हतं. दवाखाने झाले, रडणं झालं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या एका बाईचं बीज घेऊन लेकीच्या पोटात वाढवलं. कोण ती बाई, आम्हाला ठाऊक नाही. नऊ महिने लेकीनं वाहिलं, कळा लेकीनं सोसल्या. लेक, जावई, मुलगा आणि मी, एवढ्यांनाच माहीत. भिंगरीला नाही.

लोक म्हणतात, "नाक बघा, जणू काय आजीचंच!" मीही मान डोलावते. मला फार आवडतं ते ऐकायला.

१० मे

शाळेच्या हॉलमध्ये लेकीची सभा. पहिल्या रांगेत मी नि भिंगरी. काय बोलते माझी पोर! लहानपणी पाहुणे आले की पलंगाखाली शिरायची, तीच ही. म्हणाली, "बीज कुठून आलं हे कळायचा प्रत्येकाला हक्क आहे. न सांगणं म्हणजे फसवणंच!"

टाळ्याच टाळ्या. सगळ्यांत जोरात भिंगरीच्या. माझे हात पिशवीवरच राहिले.

११ मे

मुलगा जेवायला आला. लेकही थांबली होती. सूप संपेपर्यंत दोघं गोड बोलली. मग निघालंच.

"ताई, तू लोकांना घाबरवतेस."

"घाबरण्यासारखं नाही ना? मग लपवता कशाला?"

तो चिडला नव्हता. समजुतीनंच म्हणाला, "बीज बाहेरचं आलं म्हणून काय बिघडतं? हे तुला नाही कळणार तर कुणाला?"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तोंड एवढंसं झालं त्याचं.

भिंगरी म्हणाली, "आईला का कळणार?"

मीच घाईघाईनं म्हटलं, "अगं, तिनं बाल्कनीत शेजारणीच्या बियांचे टोमॅटो लावलेत ना, म्हणून!"

"हं," म्हणाली. पाव खाल्ला. माझ्याकडे बघत खाल्ला.

भांडी घासताना लेकीला म्हटलं, "सांगून टाक गं. सभेत सांगतेस ते घरात सांग."

"आई, ते पीठ आहे. पीठ रडत नाही."

"पण कधीतरी..."

"सांगितलं की ती मला उलटून-पालटून बघेल. जन्मभर."

तिचा भाऊ तरी दुसरं काय म्हणतो! साबणाच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. बारीक झालीय फार.

१२ मे

मुलाचा फोन नाही.

भिंगरीनं विचारलं, "आजी, तुझं नाक कुणासारखं?" म्हटलं, माझ्या आईसारखं. "आणि माझं?" माझ्यासारखं!

"जणू काय," ती म्हणाली. हसली नाही.

१८ मे

लेक जिंकली! पाकिटांवर छापायचं ठरलं. फोनवर म्हणाली, "झालं गं आई एकदाचं." मी तिच्या आवाजात आनंद शोधत राहिले. मुलाच्या कारखान्यात एक पाळी बंद होणार म्हणतात. त्याची की दुसऱ्यांची, अजून कळलं नाही.

लेक उद्याच न्यायला येतेय. महिना कुठला न् काय! भिंगरीच म्हणाली, घरी जायचंय.

१९ मे

गेली. मिठी मारली, पण एका हातानं. उंची वाढली असेल. मी 'दार' वाचलं आणि दार लावलं.

२० मे

भिंतीवरचे फोटो पुसायला घेतले. त्यांनाही चिठ्ठ्या! आजी. मामा. बाबा. आई. सगळ्यांत शेवटी तिचा स्वतःचा, पुढचे दात पडले होते तेव्हाचा. त्यावरही लावलीय. कोरी.

शाई संपली असेल, म्हटलं.

पण पेन ती इथंच ठेवून गेलीय. हे त्यानंच लिहितेय.