पिठाच्या पेटीखालचा चेहरा

अल्लाच्या नावाने. मी फहिमा, हस्सानची मुलगी, तौफिक सुताराची विधवा, राहणार कुर्ना, वय अंदाजे बहात्तर, हे स्वतःच्या हाताने लिहिते. अक्षर वाकडं आहे, डोकं सरळ आहे. कुणी दटावून लिहून घेतलेलं नाही. मला दटावणारा अजून जन्मायचाय.

१. घराच्या वाटण्या शरियतने ठरलेल्याच आहेत. त्यात मी नाक खुपसत नाही, मुलांनीही खुपसू नये.

२. नवऱ्याचे रंधे, करवत आणि रंगाच्या वाट्या थोरल्या महरूसला. बापासारखे काल रंगवलेले तुकडे ‘जुने’ म्हणून परदेशी पाहुण्यांच्या गळ्यात मारू नयेत.

३. भट्टी आणि कोंबड्या धाकट्या सुनेला. उन्हात ठेवूनही तिच्या भाकरीचं पीठ फुगत नाही, कारण मळताना ती फोनवर असते.

४. पिठाच्या पेटीखाली गोणपाटात एक लाकडी चेहरा आहे. फॅरोंच्या काळातल्या शवपेटीचा, पिवळा, काळ्या डोळ्यांचा, एक कान गेलेला. सासऱ्यांना घराखालच्या जुन्या थडग्यात सापडला. मूल होत नसलेल्या बायका तो सात वेळा ओलांडत.

माझी नणंद रातिबा तिच्या लग्नानंतर पाच वर्षांनी त्यासाठीच आली. "वहिनी, एकदाच काढ गं तो. हे दुसरी आणायचं म्हणतायत." हीच माझ्या लग्नात म्हणाली होती, "दादाने नवरी आणलीय की भट्टीतली काजळी?" ते मी पोटात ठेवलं होतं. खरा तसाच ठेवून, नवऱ्याने आठवड्यापूर्वी रंगवलेला नकली चेहरा मी तिच्यापुढे मांडला. रंगाचा वासही गेला नव्हता. तिने अनवाणी सात वेळा ओलांडला आणि माझ्या हातांचं चुंबन घेतलं. वर्षात सवत आली, रातिबा माहेरी परत आली.

खऱ्याने मूल झालं असतं का, अल्ला जाणे. पण चाळीस वर्षं ती म्हणते, "त्या थडग्यातल्या जुन्यांनीही मला नाकारलं," आणि मी समोर भाजी निवडत बसते. लाज वाटते.

५. मला न्हाऊ घालण्याआधी हे तिला मोठ्याने वाचून दाखवा. खरा चेहरा तिच्या मांडीवर द्या. तिचं मन भरलं की तो सरकारच्या पुराणवस्तू खात्याकडे जमा करा. जनाजा उचलताना "माफ केलं का?" विचारतात, तेव्हा तिला कुणी कोपराने ढोसू नये. नाही म्हणाली तर खोळंबू नका. ऊन असतं. पुरून टाका.

साक्षीदार: शेख अब्दुलमुइझ (सही). रातिबा (अंगठा).

अंगठा उठवताना रातिबाने विचारलं, "काय लिहिलंस गं एवढं?" मी म्हटलं, "भांडीकुंडी." हे दुसरं खोटं. तेही तिला वाचून दाखवावं.

फहिमा
कुर्ना, १४ मार्च २००९