राखेतली राणी

४ जून, सोमवार

ती. ताईस,
सा. नमस्कार.

आज मीटरवाला येऊन गेला. दुपारपर्यंत चार चष्म्यांच्या काचा घासल्या. मग टेबल पुसलं, पत्ते न हलवता.

हिला जाऊन सहा आठवडे झाले, पण आपला तिघांचा टपालानं चालणारा पत्त्यांचा डाव मी मोडलेला नाही. तुझ्या गठ्ठ्यातला ‘अग्निसर्प’ मी माझ्या तटावर अडवला. हिच्या पाळीला तिच्या गठ्ठ्यातला वरचा पत्ता उलटतो आणि ठेवतो. माझं डोकं चालवत नाही. गठ्ठा तिनंच पिसलेला आहे. आज ‘राखेतली राणी’ निघाली, म्हणजे बाद झालेले तीन पत्ते परत गठ्ठ्यात गेले. बरं वाटलं. ज्याचा गठ्ठा संपेल किंवा किल्ला पडेल तो हरला, आणि हरेल त्यानं टेबल आवरायचं, ही आपली रीत. ते टेबल मला एवढ्यात आवरायचं नाही.

लोभ आहेच, तो राहू दे.
भाऊ


९ जून

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या तटबंदीचा मला कंटाळा आला. माझ्यासारखा धाडीच्या पत्त्यांचा डेक लावायला छाती लागते, तू लहानपणीही आपला दार लावून बसायचास. बाईसाहेबांचं निराळं. पत्ते जाळायचे, पुन्हा उठवायचे आणि दर वेळी मलाच झोडपायचं. अकरा वर्षांत नवऱ्याला एक ओरखडा काढला नाही तिनं.

मी ‘वणवा’ टाकते आहे. राणी कायमची बाद. नियमाप्रमाणे तो पत्ता आता माझा, तेव्हा पाकिटातून पाठव. तुला राग येईल, पण मुद्दाम करते आहे. आणखी किती दिवस तिचे पत्ते उलटत बसशील?

जेवत जा. माया आहे म्हणून रागावते.
तुझी ताई


२७ जून

ती. ताईस,
सा. नमस्कार.

राणी मागेच पाठवली, मिळाली असेल. राग नाही.

एक सांगायचं होतं. तुझ्या वणव्यानंतर गठ्ठ्यात बारा पत्ते होते. त्यातले सात मी उलटले. अजून बारा आहेत. तीनदा मोजले. आणि ती आता माझ्यावर हल्ला करते आहे. पत्ता ठेवताना हात आपोआप माझ्या बाजूला वळतो. तटाचे चार बुरूज गेले, एक राहिला. आज सकाळी पुन्हा राखेतली राणी निघाली. माझीच काही चूक असेल. तुझ्याकडचं पाकीट एकदा बघ.

भावाला विसरू नकोस.
भाऊ


१ जुलै

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट बघितलं. राणी इथेच आहे, कोपऱ्यावर चहाचा डाग असलेली. दुसरी तिच्याकडे नव्हती, एका डेकमध्ये एकच चालते. मी ते आत ठेवून कपाट लावून घेतलं आणि बराच वेळ त्याला पाठ करायचं धाडस झालं नाही. खोटं कशाला बोलू?

मग तुझ्या पत्रांवरून सगळा डाव पलंगावर मांडला. माझा किल्ला उघडा पडला आहे. इकडे वळली असती तर दोन पाळ्यांत मी गेले असते. ती मला सोडून तुझ्या मागे लागली आहे. भाऊ, तिला फक्त तुला हरवायचं आहे. टेबल तुझ्याच हातून आवरून घ्यायचं असेल तिला. शेवटचा तट उभारू नकोस.

काळजी लागून राहते. चार ओळी तरी लिही.
तुझी ताई


५ जुलै

ती. ताईस,
सा. नमस्कार.

आज माझ्या हातात तटाचा पत्ता होता. तो टाकला नाही. तिच्या गठ्ठ्यातला वरचा पत्ता उलटला, साधा भालेकरी. तेवढा पुरला. मी हरलो.

रीतीप्रमाणे आवरायला घेतलं. तिचा गठ्ठा उचलायला गेलो तर उचलायला काही नव्हतं. भालेकरी शेवटचा होता. टेबलावर गठ्ठ्याएवढा स्वच्छ चौकोन होता, बाकी धूळ. इथे निघालेली राणी बाद पत्त्यांत सापडली नाही. शोधली नाही फारशी. डेक डब्यात ठेवले, टेबल भिंतीला लावलं. खोली मोठी दिसते.

तुझ्याकडची राणी तुझ्याकडेच असू दे. माया पातळ होऊ देऊ नकोस.
भाऊ

ता. क. आत्ता खाली जाऊन दूध आणलं. अर्धाच लिटर घेतलं, एकट्यापुरतं.