गाडी उंच हाये, उंचच राहीन

नाही, डोक्यावर परिनाम झाला नाही माह्या. गाडी उंच केली म्हनून मानूस बावळा होत नसते. मी पुंडलिकराव सेलोकर, राहनार चिचटोली, आंधळगावच्या नाल्यापलीकडं. धंदा धानाची शेती. शिक्षन चवथी, पाचवीत मास्तरसंग जमलं नाही. आज सकाळी पोटभर जेवलो, म्हशीले पानी पाजलो, अन् कोनाच्या सांगन्यावरून नाही, माह्याच मर्जीनं हे मृत्युपत्र लिहून राहिलो. ह्याच्याआधी कोनतं लिहलो नाही. दुसरं लिहाले दम नाही.

घर माही बायको सत्यभामाबाई हिचं. ते जिती हाये तोवर घरातली खुर्चीसुद्धा कोनी हालवू नये. मलेच कवा हालवू देल्ली नाही.

नाल्याकडच्या धानाच्या बांध्या मुलगा योगेंद्रले. बोडीच्या तळ्याखालच्या मुलगी रेणूले. मधल्या धुऱ्यावरून भांडायचं असन तं मी जिता असतानीच भांडा, मले पन पाहाले भेटन.

आता गाडी. वाद तिचाच हाये.

गाडी म्हनजे जुनी पांढरी अँबेसडर. घेतलो तवा सपाट रस्त्याची गाडी होती. रेणू बाळंतपनाले माहेरी आलेली, पावसाळा, धानाचा रोवना चालू, अन् कळा सुटल्या. तिले गाडीत घातलो अन् निघालो. नाल्याच्या अलीकडंच धुऱ्यावर गाडीचं पोट टेकलं. चाकं नुसती फिरून राहिली. शेजारचा भैय्याजी छत्री घेऊन उभा. म्हने, "पुंडलिकराव, गाडी अंडे उबवून राहिली का?"

रेणू उतरली. मले अन् गाडीले सारख्याच शिव्या देल्ली अन् जागेश्वरच्या बैलगाडीत चढली. नाला ओलांडला अन् बैलगाडीतच पोरगी झाली. तेच आमची अंजू. आता आमच्याचकडं राहते, गाडी तेच चालवते.

रोवना सरल्यावर गाडी आंधळगावले परसराम मिस्त्रीकडं नेलो. म्हटलो, "हिले उंच कर." त्यानं मागं मिनीट्रकचे स्प्रिंगचे पाटे टाकले. समोरचं उद्या करतो म्हने. मले दम कुठं? तशीच घरी आनलो. गाडीचं ढुंगन आभाळाले, तोंड मातीत. सत्यभामाबाई मागं बसली, तं घसरत येऊन समोरच्या सीटले भिडली. म्हने, "मले देवळात न्या म्हटलं होतं. इथूनच लोटांगन घालाले नाही सांगतलं." मंग मुकाट परत नेलो. परसरामनं समोरचा बोजा पेलनारे दांडे खोलून, फिरवून, पुढच्या दात्यावर बसवले. नाल्याचं पानी शिरू नये म्हनून सायलेन्सरचा पाइप डिक्कीच्या वर आनला. तवा कुठं गाडी सरळ झाली.

तवापासून टोलीतल्या कळा सुटलेल्या, साप चावलेल्या, अन् सासूवर रुसून माहेरी चाललेल्या बाया याच गाडीनं नाला ओलांडतेत. रोवना सरला की बाया शेताच्या मालकाले चिखल फासतेत. आमच्या इथं मले सोडून गाडीले फासतेत. तो चिखल पोळ्यापर्यंत कोनी धुवायचा नाही. योगेंद्रनं एकदा धुतला होता. बायांनी त्यालेच फासला.

यंदा दिवाळीले योगेंद्र नागपुरून मापाच्या टेपवाला मानूस घेऊन आला. "बाबा, हिले पयल्यासारखी खाली उतरवतो, रंगवतो. लग्नाच्या फोटोले नागपुरात चालन."

"अन् इथं पावसाळ्यात?"

"कोनाले तरी फोन करायचा."

अंजू गाडीखाली पडून ग्रीस मारून राहिली होती. थितूनच म्हने, "मामा, टेप काढलाच हाये तं माह्या लाथेचं माप घे. कुठवर पुरते ते पाह्य." टेपवाला चहा न पिता गेला.

म्हनून लिहून देतो. गाडी, जॅक, सगळे पाने अन् अंगनातला टिनाचा शेड माही नात अंजू हिले. अट एकच: नाल्यावर पूल होईस्तोवर गाडीची उंची कमी करू नये. पूल झाला तं रंगव, नवरदेव बसव, मले इचाराले येऊ नको. लगन होऊन दूर गेली तं चाबी रेणूले द्यावी. योगेंद्रले नाही.

योगेंद्रनं रुसू नये. भिंतीवर गाडी घेतली त्या दिवसाचा फोटो हाये, ठेंगन्या गाडीचा, हार घातलेल्या. तो त्याले देतो. तशीच पाह्यजे होती ना.

गाडीचे काढलेले जुने पाटे भैय्याजीले. त्याच्या दारातच ठेवावे, येता-जाता ठेच लागन असे. त्याची सून मागच्या पावसाळ्यात याच गाडीनं दवाखान्यात गेली. तवा अंड्याचं इचाराले आला नाही.

मी पावसाळ्यात मेलो तं मसनवटीत याच गाडीनं न्यावं, मागच्या सीटवर. चालवनार अंजू. खांदेकऱ्यांनी नाल्यात मले बुडवू नये. गाडी आता सरळ हाये, घसरनार नाही.

साक्षीदार:
१. जागेश्वर, बैलगाडीवाला (अंगठा)
२. रत्नाबाई, भैय्याजीची बायको (सही, पाट्याचं वाचून हासली)

लिहून देनार: पुंडलिकराव सेलोकर (सही)
ठिकाण: चिचटोली, ता. मोहाडी, जि. भंडारा
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५

पोराले सोडून नातीले काहून, ते वर लिहलं हाये. परत इचारू नका. मी आता एक शब्द सांगत नाही.