चार प्लॉट कोणाच्या नावावर

मी, ओथेला मे ग्रँडबेरी, दिवंगत होबार्ट ग्रँडबेरी यांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार फेअरहिल स्ट्रीट, पूर्व डेट्रॉइट, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचं नसतं. हा चौथा कागद आहे. आधीचे तीन मी फाडले आणि ते पूर्ण शुद्धीत फाडले, याची वकीलबाईंनी नोंद घ्यावी. यापूर्वी मी कोणाला तोंडी काही कबूल केलं असेल तर ते रद्द समजावं, विशेषतः ईस्टरच्या जेवणानंतर केलेलं.

कलम १. राहतं घर आणि होबार्टची गाडी माझा मुलगा डेल्विन, राहणार फीनिक्स, याला द्यावी. छप्पर उत्तरेच्या बाजूने गळतं हे त्याला गेली सहा वर्षं सांगते आहे. आता ते त्याचंच आहे.

कलम २. बिडाची कढई भाची रोझेटा हिला. रोझेटा, ती साबणाने घासायची नाही. घासलीस तर मी येईन.

कलम ३. कुदळी, फावडी, हातगाडी आणि पाण्याचे पाइप जिथे आहेत तिथेच, शेतावरच्या खोलीत राहावेत. ते शेताबरोबर जातील.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. माझ्या घराला लागून असलेले चार प्लॉट, ज्यांवर शेत आहे. कागदोपत्री चारही माझ्या एकटीच्या नावावर आहेत, कारण महापालिकेकडून मोकळे प्लॉट शेजारच्या घरमालकालाच मिळत होते, आणि तेव्हा आमच्या बाजूला घर शिल्लक असलेली मी एकटीच होते.

तिथे पूर्वी घरं होती. जळली, मग पाडली आणि आपापल्याच तळघरांत पुरून टाकली. खाली अजून विटा, काचा आणि राख आहे, म्हणून आम्ही त्या जमिनीत काही लावत नाही. फळ्यांच्या चौकटी केल्या, बाहेरून माती आणली आणि वाफे भरले. होबार्टला शुगर होती. डॉक्टर म्हणाले, पालेभाज्या खा. कुठून खाणार? कोपऱ्यावरच्या दुकानात जाड काचेच्या आड दारू, चिप्स आणि लॉटरीची तिकिटं. ताज्या भाजीसाठी दोन बस बदलून जायचं, आणि घरी येईपर्यंत भाजीने मान टाकलेली. आधी त्याची बोटं गेली, मग पाय, मग तो. मला त्याचा अजून राग येतो, होबार्टचा नाही, त्या दोन बसचा. पुढच्या उन्हाळ्यात मी पहिला वाफा भरला. आज सेहेचाळीस घरं इथून भाजी नेतात: कोलार्डचा पाला, मोहरीचा पाला, भेंडी, चवळी, रताळी.

हे प्लॉट डेल्विनला मिळणार नाहीत. ख्रिसमसला तो याच टेबलाशी बसून म्हणाला, "आई, अगं चार प्लॉट सलग आहेत. बिल्डर रांग लावतील. भाजी काय, दुकानात मिळते."

"कुठल्या दुकानात?" मी विचारलं. त्याने फोनवर शोधलं. बराच वेळ शोधत होता.

पहिल्या कागदावर मी लिहिलं होतं, "शेत सगळ्यांचं राहावं." लिहून फार बरं वाटलं. कॉफीचा पहिला घोट घेतला आणि वडिलांचा आवाज ऐकू आला. कागद तिथल्या तिथे फाडला.

माझे वडील एझ्रा. अलाबामात बेचाळीस एकर, एकेक एकर करून जोडलेले. आम्ही सात भावंडं. मृत्युपत्र करा म्हटलं की ते खवळायचे. "आपला कागद कोर्टात गेला की जमीन परत येते का कधी? कोणाचं नाव लिहायचं नाही. जमीन सगळ्यांची." आमच्याकडचे सगळेच म्हातारे असं म्हणायचे, आणि गोऱ्यांच्या कोर्टांनी त्यांना जन्मभर जे दाखवलं ते पाहता त्यांचं काय चुकलं? पण चुकलंच. ते गेले आणि जमीन खरोखरच सगळ्यांची झाली: मुलांची, नातवंडांची, शिकागोत वाढलेल्या माझ्या एका भाच्याची, ज्याने ते शेत डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. त्याने आपला हिस्सा लाकडाच्या एका कंपनीला विकला. कंपनी कोर्टात जाऊन म्हणाली, एवढ्या मालकांत वाटणी होत नाही, सगळीच विका. कोर्टाच्या दारात लिलाव झाला. मी एकतीस वर्षांची होते. वडिलांची कबर त्या बेचाळीस एकरांतच आहे आणि तिथे जायला आम्हाला फाटकावर परवानगी मागावी लागते.

दुसऱ्या कागदावर समिती लिहिली, नऊ माणसांची. मग लक्षात आलं, ही तर बापाची सात पोरं अधिक दोन. फाडला. तिसऱ्यावर चर्च लिहिलं. त्याच रविवारी पास्टरसाहेब शेताकडे बघत म्हणाले, "मिस ओथेला, इथे गाड्या किती मावतील हो?" तोही फाडला.

कलम ५. तेव्हा नाव एकच हवं. आठवडाभर मला एका जागी बसवत नाही. वाफ्यांपर्यंत जाते, परत येते, खुर्ची ओढते, पेन शोधते, पुन्हा उठते. एकच नाव म्हटलं की एकच बाई समोर उभी राहते, आणि तिच्याशी मी अकरा वर्षं सरळ बोललेले नाही. शेतावर माझ्याबरोबर राबणारी ल्युरीन पेटवे.

त्या वर्षी कोणीतरी रताळ्याचा अख्खा वाफा उपटून नेला. ल्युरीन म्हणाली, कुंपण घाला. मी म्हटलं, कुंपणाने भुकेला माणूस बाहेर राहील, चोर उडी मारून आत येईल. शेतावरच्या सगळ्यांची मतं घेतली, मी जिंकले. दुसऱ्या दिवशी तिने अवजारांच्या खोलीला कुलूप ठोकलं. ते मी सगळ्यांसमोर हातोड्याने फोडलं. तेव्हापासून तिला मला काही सांगायचं असलं की ती रोपांशी बोलते. "कोलार्डबाई, कोणाला तरी सांगा, पाणी जास्त होतंय." मग मी चवळीला सांगते, "चवळीबाई, कोणीतरी आपलं आपलं बघा म्हणावं."

पण मृत्युपत्रात खोटं लिहू नये. गेली दोन वर्षं बर्फ वितळल्याबरोबर माती कोण उकरतं? ल्युरीन. अंथरुणाला खिळलेल्यांच्या दाराशी भाजीची पिशवी ठेवून, बेल न वाजवता कोण निघून जातं? तीच. मला तिचा हेवा वाटतो. आणि ती वीस पावलांवर वाकलेली असते तेव्हा मला तिची आठवण येते, हेही लिहून ठेवते.

सबब चारही प्लॉट, त्यांवरील वाफे, खोली व अवजारांसह, संपूर्ण मालकी हक्काने ल्युरीन पेटवे हिला द्यावेत. त्यावर डेल्विनने किंवा कोणीही हरकत घेऊ नये. अटी दोन. एक, ते विकू नयेत. दोन, प्लॉट नावावर झाल्यापासून तीस दिवसांच्या आत तिने स्वतःचं मृत्युपत्र करावं आणि त्यात एकच नाव लिहावं. कुंपणाबाबत मी कोणतीही अट घालत नाही. हे शेवटचं वाक्य लिहायला मला मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत वेळ लागला.

कलम ६. माझ्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात कोलार्ड असावी. ती पास्टरसाहेबांच्या पत्नीने करू नये.

साक्षीदारांविषयी खुलासा. आज चर्चनंतर सह्यांसाठी आमच्या चर्चचे डीकन हायरम स्टॉलवर्थ आणि निवृत्त नर्स टॅविया क्रेन घरी आले. त्यांच्यामागून ल्युरीन आत आली. डीकनने तिलाही गाडीत घेतलं होतं, त्या बिचाऱ्याला काय माहीत! तिने पर्स टेबलावर ठेवली आणि पेन उचललं.

"दोनाच्या जागी तीन सह्या असलेल्या बऱ्या," ती फ्रिजकडे बघत म्हणाली.

"तू नको," मी म्हटलं.

तिने सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. "अगं, माझी सहीसुद्धा चालत नाही तुला? एवढं केलंय तरी काय मी तुझं?"

"ज्याला मिळतं त्याने साक्षीला बसू नये, बाई. उद्या कोणी खुसपट काढेल."

ती खाली बसली. कलम पाच वाचलं. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"ओथेला, मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे."

"म्हणून तर दुसरी अट घातलीय."

"माझी चारही पोरं तुझ्या डेल्विनसारखीच आहेत."

"ठाऊक आहे मला."

"तुला निदान मी होते," ती म्हणाली. "मला कोण आहे?"

तिने माझ्या वहीतला कोरा कागद ओढला, "मी, ल्युरीन पेटवे" एवढं लिहिलं आणि थांबली. मग आम्ही दोघींनी गल्लीच्या टोकापासून एकेक घर, एकेक माणूस आठवायला घेतलं. मी खाली सही करते आहे तेव्हा आम्ही सातव्या घरापाशी आहोत आणि तिचा कागद तेवढाच आहे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, मला मान्य आहे.

सही: ओथेला मे ग्रँडबेरी

आमच्यासमक्ष सही झाली. आम्हाला यातून काहीही मिळत नाही:
१. डीकन हायरम स्टॉलवर्थ
२. टॅविया क्रेन

स्थळ: फेअरहिल स्ट्रीट, डेट्रॉइट
दिनांक: रविवार, १४ एप्रिल २०१९