पश्चिमेच्या भिंतीतल्या जाळ्या

बाई,

काल एका कॉलेजच्या नव्या प्रयोगशाळेचे नकाशे मी सही न करता परत पाठवले. नकाशे वाईट नव्हते. उत्तरेकडून उजेड घेतलेला, विजेचा खर्च कमी, वारा आत यायला समुद्राच्या बाजूने जाळ्या. मी समासात एवढंच लिहिलं, ‘आषाढात या जाळ्या कोण बंद करणार?’ हा प्रश्न माझा नाही, तुमचा आहे. तो मी तुमच्याच स्वयंपाकघरात, तुमच्याच तोंडून ऐकला होता, आणि तेव्हा मला त्याचा राग आला होता.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी नुकती आर्किटेक्ट होऊन पुण्याहून परत आलेली, आणि ज्या कॉलेजात तुम्ही मला रसायनशास्त्र शिकवलंत त्याच कॉलेजच्या नव्या प्रयोगशाळेचं काम आमच्या ऑफिसला मिळालेलं. तुम्हीच माझं नाव सुचवलं होतंत. रविवारी सकाळी मी नकाशाची गुंडाळी घेऊन तुमच्याकडे येते. तुम्ही कुळथाचं पिठलं ढवळताय. फोडणीचा धूर वरच्या कौलांतल्या फटीतून जातोय, आणि तुम्ही उलथन्याने तिकडे बोट केल्यासारखं करून म्हणता, “हे बघ गो. स्वयंपाकघर काय नि लॅब काय, धूर नाकाच्या आधी बाहेर गेला पाहिजे. बाकी तू काय हवं ते बांध.” मग हात पुसून तुम्ही नकाशा पाटावर पसरता, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवता.

मला माझी हुशारी दाखवायची घाई झाली होती. आम्लांचे धूर निघणारे प्रयोग जिथे करायचे त्या काचेच्या दाराच्या कपाटावर मी उंच धुराडं काढलं होतं. त्याचं टोक काळं रंगवायचं. उन्हाने ते तापलं की आतली हवा आपोआप वर ओढली जाईल. तिच्या जागी ताजी हवा यावी म्हणून पश्चिमेच्या भिंतीत, जमिनीलगत, जाळ्यांची रांग. विजेचा पंखा नाहीच. पोफळीच्या वीजकेंद्रातली वीज आपल्या डोक्यावरून मुंबईला जाते आणि आपण ऐन प्रॅक्टिकलला अंधारात बसतो, यावर मी तुम्हाला छोटं भाषणही दिलं. तुम्ही शांतपणे ऐकलंत. म्हणालात, “पंखा असू दे. तो बंद पडला तर तुझं धुराडं असेल, धुराडं रुसलं तर पंखा असेल.” मग लाल पेन्सिलीने जाळ्यांच्या रांगेवर टिचकी मारलीत. “आणि आषाढात काय?” मी म्हटलं, पावसात वारा जास्तच असतो बाई, आणि पुस्तकातली आकृती उघडून दाखवली. तुम्ही चष्मा वर केलात. “पुस्तक कुठल्या गावचं गो?”

मी रागावले. पंखा लागतच नाही हे मला सिद्ध करायचं होतं, त्यामुळे तो मी शेवटच्या नकाशातून काढून टाकला, आणि तुम्हाला सांगितलं की मंजुरीत खर्चासाठी कापला गेला. तुम्ही विश्वास ठेवलात. मी पावस गावची. वैशाख संपता संपता आमच्या घरी सगळे झावळ्या विणायला बसायचे, आणि घराची अख्खी पश्चिम बाजू त्या झापांनी झाकून टाकायचे, कारण झड आत आली की मातीची भिंत फुगते. दरवर्षी माझ्या बोटांना त्या विणण्याने चिरा पडायच्या. हे सगळं मला हातांनी माहीत होतं. कागदावर मात्र मी असं घर काढलं ज्याच्या पश्चिमेला कधी पाऊसच पडत नाही. पुण्याला जाऊन माणूस शहाणं होतं म्हणतात, मी तिथे पावसाळा विसरून आले.

एप्रिलमध्ये इमारत छान चालली. तुम्ही कपाटात ओलं फडकं जाळून पाहिलंत, धूर सरळ वर गेला, आणि तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. तेवढीच एक थाप मला तुमच्याकडून मिळाली. जुलैत मी गळती बघायला आले. तुम्ही वर्गावर होतात. जाळ्यांतून झड आत येत होती, टेबलांखाली पाणी साचलं होतं, आणि लॅबचे शिपाईमामा गोणपाट पिळत बसले होते. तुमच्यापेक्षाही जुने, तुमची प्रत्येक बाटली ओळखणारे. म्हणाले, “ताई, बाटल्यांच्या चिठ्ठ्या सुटल्या. आम्ल कुठला नि पानी कुठला, कळायचा नाय उद्या. झापं बांधूं काय?” मी छताकडे बघत होते. मी म्हटलं, “बांधा की मामा, त्यात विचारायचं काय?” घरी आईला म्हणाले असते तसंच. माझ्या मनात जाळ्या आल्या नाहीत, धुराडं आलं नाही, काही आलं नाही. दुपारच्या एस.टी.ने मी परत गेले.

पुढचं मी पाहिलं नाही, पण इतक्या वेळा ऐकलंय की पाहिल्यासारखंच झालंय. बारावीचं प्रॅक्टिकल. नत्राम्लात तांब्याचे तुकडे, कुणीतरी जरा जास्तच टाकलेले. आकाश आठवडाभर उघडलेलं नाही, धुराडं गारठलेलं, आणि खाली जाळ्यांवर दुहेरी झापं. तपकिरी वायू वर जाईना, तो कपाटातून खोलीत परतला. तुम्ही आधी मुलांना बाहेर काढलंत, मग पदर नाकाला लावून आत गेलात, आणि ते भांडं उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवून आलात. थोडा खोकला. संध्याकाळी चालत घरी गेलात, वाटेत भाजीही घेतलीत. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्हाला श्वास घेता येईना. त्या वायूची हीच रीत, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतंत. सप्टेंबरात कपाटाला विजेचा पंखा बसला. वरातीमागून घोडं.

चौकशीत मामांनी लिहून दिलं, ‘झापं मी माझ्या मनाने बांधली.’ त्यांना लॅबमधून काढून आवारातल्या झाडांना पाणी घालायला लावलं. मला कुणी विचारलंच नाही. मी तयार होऊन बसले होते, बाई, खरंच बसले होते, आणि चौकशीचं पत्र आलंच नाही. मग मी स्वतःहून का गेले नाही? भ्याले. दुसरं कारण शोधून सापडत नाही. मामांनी माझं नाव का घेतलं नाही हेही मी त्यांना विचारू शकले नाही. नंतर एकदा एस.टी. स्टँडवर ते भेटले, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “आता नवीन कामांत पाऊस आत येत नाय ना, ताई?” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

तुम्ही त्यानंतर दीड वर्ष होतात. फोडणीचा वासही सोसत नव्हता, म्हणून शेजारणीकडून डबा यायचा आणि तुमची चूल थंड. मी बघायला यायचे. तुम्ही खिडकीशी उशांना टेकून बसलेल्या, दोन शब्दांमागे एक श्वास. मी काही करू शकत नव्हते. फुप्फुसाला कुठे नवीन खिडकी पाडता येते? एकदा तुम्ही म्हणालात, “झापं बांधायच्या आधी त्याने मला विचारलंन असतं तर मी नको म्हटलं असतं. पण पाण्याला भिऊन केलंन हो त्याने. मी त्याला माफ केलंय. तूही कर.” आणि तुम्ही माझा हात धरलात. मी म्हटलं, “हो बाई.” मामांना माफ करते, असं मी तुम्हाला तोंडाने सांगितलं.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खरं आहे, पण खवखव गिळता येते, हे मी तिथे शिकले. आज पन्नासेक प्रयोगशाळांचे नकाशे माझ्या हाताखालून गेलेत. प्रत्येकात पंखा आहे, धुराडं आहे, जाळ्यांवर झडीला अडवून हवेला सोडणाऱ्या तिरक्या पट्ट्या आहेत. लोक मला या विषयातली जाणकार म्हणतात. त्यातल्या एकाही इमारतीने तुमचा एकही श्वास परत येत नाही, आणि मामांचं लिहून दिलेलं कुठल्यातरी फायलीत तसंच आहे. ते दोन पावसाळ्यांमागे गेले. आता कुणापाशी जाऊन काय दुरुस्त करू?

हे पत्र मी कुठे टाकणार? टेबलाच्या खणात ठेवते. पण लिहिलंच आहे तर एक राहिलेलं लिहिते. त्या दीड वर्षात तीनदा मी ठरवून आले होते, की आज सांगायचं. तिन्ही वेळा मी “बाई, एक सांगायचं होतं” इथपर्यंत पोचले, आणि तुम्हाला उबळ आली. मी पाठ चोळत बसले, पाणी दिलं, मग तुम्ही दमून डोळे मिटलेत. तुम्हाला खोकला आला की मला सुटल्यासारखं वाटायचं, बाई.