लाल दोऱ्याचं घोसाळं

२० एप्रिल

रडायचं नाही! डोळ्यांच्या डॉक्टरांनी हेसुद्धा यादीत घातलंय. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, जड उचलायचं नाही, मागच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत आणि रडायचं नाही. एक महिना. रडायला कोण बसलंय इथे? तीस वर्षं शाळेत मी दुसऱ्यांना रडवलंय.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याने लिहितेय. ओळी घसरगुंडीला लागल्यात.

परसबाग यांच्या हवाली केली. भेंडी, वांगी आणि टाकीमागचा घोसाळ्याचा वेल. सकाळी सातच्या आत बावीस बादल्या – कारण पाइप फाटलाय आणि तो दुरुस्त करायला यांना थंडीपासून मुहूर्त मिळत नाहीये. लाल दोरा बांधलेल्या घोसाळ्याला हात लावायचा नाही, हे तीनदा बजावलं. ते ताईच्या बियांचं. ताई गेली तेव्हा तिच्या घरातून माझ्याकडे एवढंच आलं – एक पाकीट, त्यावर तिच्या अक्षरात ‘उन्हात जप’. यंदा शेवटच्या दोन बिया होत्या. एकच रुजली.

“हो गं बाई,” म्हणाले. पेपरातून डोकं वर न काढता.

२३ एप्रिल

सात वाजले तरी हे घोरताहेत! हलवून उठवलं. “घालतो गं, ऊन काय पळून जातंय?”

पळून जात नाही, तेच तर दुखणं आहे.

२४ एप्रिल

आज सकाळी पाणी घातलंच नाही. चांगली खरडपट्टी काढली. शेजारच्या भिंतीपलीकडे गेली असेल, जाऊ दे. साडेअकराला “बँकेत जाऊन येतो” म्हणून निघाले ते चारला उगवले. चेहरा पांढरा, मनगटाला चिकटपट्टी.

“हे काय?”

“खरचटलं. रांग होती फार.”

आणि सरळ झोपले! झाडं तहानलेली, आणि हे आडवे.

२८ एप्रिल

“वेल कसा आहे?” “छान.” “भेंडी?” “छान.” “वांगी?” “छान गं.”

सगळ्या विषयांत सारखे गुण मिळवणारी मुलगी कॉपी करत असते, असं आमच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका सिस्टर म्हणायच्या. खिडकीतून टाकीची पाठ तेवढी दिसते. अकरा पायऱ्या! उतरू का?

नको. महिनाभराचं वचन दिलंय. मी वचन पाळते.

२ मे

यांनी घोसाळी आणली. “तुझ्या वेलाची!” असे हरखून म्हणाले की मलाही बरं वाटलं. चिरायला घेतली. ताईचं घोसाळं आखूड, पोटाकडे फुगीर. ही काठीसारखी लांब.

“ही आपली नाहीत.”

“उन्हाने लांबली असतील.”

उन्हाने लांबली म्हणे! मला दिसत कमी असेल, पण हाताला डोळे आहेत.

३ मे

कबूल केलं. वेल जळून गेला. भेंडी, वांगी – सगळं. कधीच! आठ दिवस मला बाजारची भाजी खायला घालून वर विचारत होते, “घरची चव वेगळीच, नाही?” आणि मी मान डोलवत होते!

“आणि लाल दोऱ्याचं?”

“ते पार वाळलं होतं गं. तपकिरी झालं होतं. तुला दिसून वाईट वाटायला नको म्हणून खतखड्ड्यात टाकलं.”

वाळावं म्हणूनच ठेवलं होतं ते! वेलावर वाळल्याशिवाय बी धरायचं कसं? हे सांगितलं नव्हतं का मी? नसेल. हात लावू नका म्हटल्यावर कारण कशाला लागतं?

बेचाळीस वर्षं एका ताटलीत जेवल्यासारखी काढली या माणसाबरोबर. आणि हा रोज संध्याकाळी समोर बसून, डोळ्यांत थेंब घालता घालता, माझ्या त्याच डोळ्यांत धूळ फेकत होता.

४ मे

बोलत नाही.

७ मे

अजून नाही. ते बोलतात. मी रेडिओ मोठा करते.

११ मे

सकाळपासून हे पीठ चाळायची चाळणी घेऊन खतखड्ड्याशी बसलेत. बी शोधताहेत म्हणे. उकरा! माझी चाळणी मात्र वाया घालवली.

१२ मे

दुपारी भिंतीपलीकडून शेजारची नर्सबाई ओरडली, “काका, पुन्हा उन्हात? पुन्हा पडायचंय का?”

पुन्हा?

तिला घरात बोलावलं. आधी आढेवेढे, मग सांगितलं. चोवीस तारखेला हे बँकेत गेलेच नव्हते. माझ्या तोंडाला भिऊन, बाजूच्या बोळातून भर उन्हात राहिलेलं पाणी घालायला गेले. नवव्या बादलीला वेलाखाली कोसळले. तिने आपल्या घरी नेऊन सलाईन लावलं. बादली उचलायची नाही, पायऱ्या चढायच्या नाहीत, नाहीतर काकूंना सांगेन, असा दम भरला. दोन दिवस तिनेच बागेला पाणी घातलं, मग तिची ड्यूटी बदलली.

“शुद्धीवर आले काकू, तर पहिलं काय म्हणावं! ‘तिला कळू देऊ नका. महिनाभर तिला रडायचं नाहीये.’”

कॅलेंडर पाहिलं. अजून आठ दिवस आहेत.