बा, मला घड्याळ काढता आलं नाही

प्रिय बा,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली अन् मी कधी एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण लई भ्या वाटतंय.

तीन महिन्यांमागं मलापण लकवा मारला. तुझ्यासारखाच, डाव्या अंगाला. आता हात चालतो, भाकरीही थापते. सगळे म्हणतात, बरी झाली! तुलापण आम्ही असंच म्हणालो होतो. "दाब बा, जोरानं," म्हणत हात तुझ्या मुठीत द्यायचो. तू दाबलास की आई डोळे पुसायची. डोक्यात काय झालं असंल, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

मागच्या मंगळवारी डॉक्टर शबानानं कागद पुढं केला. माझ्या लेकाच्या वयाची पोरगी. "मावशी, घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं झालीत." गोल काढला, अन् सगळे आकडे उजवीकडंच दाटले! शाळेत शिकवण्यात जन्म घालवलेली बाई मी! "चष्मा घरी राहिला," म्हणून उठले. चष्मा नाकावरच होता.

ती रागावली नाही. म्हणाली, "लकव्यानंतर ही तपासणी सगळ्यांचीच करायला हवी. विसरणं म्हणजे हट्ट नाही, मावशी. आजार असू शकतो. लवकर कळलं तर बरंच सांभाळता येतं."

हट्ट! तुला मी हेच म्हणाले होते ना?

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं, नामांतर झालं, त्या दिवशी पेढे घेऊन पळत घरी आले होते. त्याच नामांतरासाठी तू चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या पाळ्या बुडवल्यास, लाठ्या खाल्ल्यास, जेलात बसलास. "बा, झालं नामांतर!" तू पेढा हातात धरलास अन् विचारलंस, "कशाचं गं?"

मला वाटलं, तू कारखान्याच्या साहेबाला भ्यालास. लकव्यानंतर कामावर परत घेतलं, म्हणून कच खाल्लीस. चारचौघांत बोलले, "लाज नाय वाटत? कशाला हट्टानं येड पांघरतोस?" अन् अबोला धरला. शिकून सवरून काय अडाणी होते रे मी!

अन् दोन महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी, तू ड्युटीला म्हणून निघालास. मी दारातच होते. आज कारखाना बंद आहे, एवढंसुद्धा सांगितलं नाही. अबोला मोडायचा नव्हता ना! जालना रोडवर ट्रकनं उडवलं तुला.

परवा मी वरणात दोनदा मीठ घातलं. विनोद वैतागला, "आई, मुद्दाम करतेस का?" बा, हे तर माझेच शब्द. त्यानंही माझ्याशी बोलणं टाकलं तर? मी अशीच दारातून निघाले अन् कुणी अडवलंच नाही तर?

उद्या परत बोलावलंय, घरचं माणूस घेऊन. विनोदला अजून काहीच ठाऊक नाही. नको जायला, असंच वाटतंय.

पण तुला शब्द देते. उद्या त्याला सोबत नेईन. जे येत नाही ते येत नाही म्हणेन. अन् आज संध्याकाळी त्याला ती दारातली गोष्ट सांगणार आहे. आई जाईस्तोवर तिलासुद्धा ती सांगितली नव्हती.

माफ कर बा. आठवतंय तोवर मागून घेते.

तुझीच,
सुमन